छावणीचे जीवन आणि चित्रकथा
(ओरगडम, चेन्नई येथील व्याख्यानाचा मजकूर)



अंबत्तूरच्या ह्या ओरगडमपासून पुझल फार दूर नाही. तेथे, आणि आणखी उत्तरेस गुम्मिडीपूंडीला, श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांच्या छावण्या आहेत. जुलै १९८३ च्या हत्याकांडानंतर हे लोक समुद्र ओलांडून येऊ लागले, तेव्हा त्यांचा निवारा तात्पुरता मानला गेला होता. आज तेथे तिसरी पिढी वाढते आहे. २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने ह्या वस्त्यांना ‘पुनर्वसन छावण्या’ असे नाव दिले, नव्या घरांची घोषणा केली आणि कुटुंबप्रमुखाचे मासिक साहाय्य १,००० रुपयांवरून १,५०० रुपये केले. त्या वेळी शंभराहून अधिक छावण्यांत सुमारे ५८,००० माणसे राहत होती. परंतु २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात श्रीलंकेचे नाव नाही, आणि निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही.

असे जीवन जनतेपुढे मांडायचे कसे? मराठी वाचकाला चित्रकथा म्हटले की १९६७ पासून मुंबईतून निघू लागलेली, राजे आणि देवदेवतांची पुस्तके आठवतात. ती परंपरा येथे उपयोगी नाही. जवळची परंपरा वेगळी आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडले. भुकेल्या माणसांची रेखाटने त्यांनी केली आणि माणसाचे नाव-गावही नोंदवले. ‘हंग्री बेंगॉल’ ही त्यांची पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त केली. नावानिशी उभा केलेला भुकेला माणूस सत्तेला आकडेवारीपेक्षा अधिक झोंबतो!

छावणीत मात्र हेच नाव धोक्याचे ठरते. पोलिसांच्या ‘क्यू’ शाखेची नजर, ठरल्या दिवशीची हजेरी, परतीच्या किंवा नागरिकत्वाच्या अर्जाची टांगती तलवार! अशा परिस्थितीत कॅमेरा ज्याचा चेहरा टिपतो, त्यालाच तो उघडाही पाडतो. रेखाटनात चेहरा बदलता येतो, अनेकांच्या साक्षी एका पात्रात गुंफता येतात. बेंजामिन डिक्स आणि लिंडसे पोलॉक ह्यांनी ‘वन्नी’ (२०१९) ह्या चित्रकथेत हाच मार्ग घेतला. डिक्स संयुक्त राष्ट्रसंघाच्या कामासाठी वन्नीत होते. सप्टेंबर २००८ मध्ये संघाने किलिनोच्ची सोडले, तेव्हा तेथील लोक ‘जाऊ नका’ म्हणून विनवीत होते. पुस्तकातील कुटुंबे काल्पनिक, साक्षी मात्र वाचलेल्यांच्या. २००४ च्या त्सुनामीपासून २००९ च्या अखेरच्या नरसंहारापर्यंत, एका तंबूतून दुसऱ्या तंबूत ढकलली जाणारी माणसे त्यात दिसतात. वाघांनी केलेली सक्तीची भरतीही लेखकांनी दडवलेली नाही. ही त्यांची प्रामाणिकता होय.

तरीही एक उणीव सांगितलीच पाहिजे. बाँबवर्षाव, पळापळ, खंदक ह्यांचे चित्र चौकटीत सहज बसते. थांबण्याचे चित्र कठीण. जो साको ह्यांनी ‘पॅलेस्टाइन’मध्ये (१९९३–९५) गाझाच्या छावण्यांतील पाऊस, चिखल आणि चहाचे पेले पानोपानी रेखाटले, ते ह्याच कारणासाठी. तेथे काही ‘घडत’ नाही, आणि तोच अन्याय असतो.

पुझलची चित्रकथा काढायची तर तिचा नायक बहुधा रंगारी असेल. तमिळनाडूच्या छावण्यांतील पुष्कळ पुरुष इमारतींना रंग देण्याची रोजंदारी करतात. परांचीवर उभे राहून परक्यांच्या भिंती उजळायच्या आणि हजेरीच्या दिवशी रोज बुडवून छावणीत परतायचे. चित्रकाराने पहिली चौकट तेथून सुरू करावी.