पाय बधिर का होतात?



मांडी घालून फार वेळ बसले की पायाला मुंग्या येतात आणि चार पावले चालले की जातात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण पायातली वहाण निसटली तरी कळत नाही, पऱ्हाटीचे धसकट तळव्यात रुतले तरी दुसऱ्याने सांगावे लागते, असे होऊ लागले तर ते अंगावर काढू नये. दुखणारा पाय माणसाला दवाखान्यात नेतो. बधिर पाय मात्र गप्प राहतो. खरा धोका तोच.

कारणे अनेक आहेत. मधुमेहात बहुधा दोन्ही तळवे हळूहळू बधिर होतात. कमरेत शीर दबली तर सहसा एकाच पायात कळ उतरते. 'ब-१२' जीवनसत्त्वाची उणीव आणि दारू यांनीही नसा दुबळ्या होतात. एकाएकी एक बाजू लुळी पडली, तोंड वाकडे झाले किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणखी एक कारण आहे, पण त्याचे नाव घ्यायला लोक कचरतात. ते म्हणजे कुष्ठरोग. निदान आपल्या वर्धा जिल्ह्याने तरी कचरू नये. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरुग्णांची सेवा आरंभली. सेवाग्रामात गांधीजींनी परचुरे शास्त्रींना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांची शुश्रूषा केली. १९५१ साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. रुग्ण येण्याची वाट न पाहता गावोगाव जाऊन तपासणी, शिक्षण आणि उपचार करण्याची पद्धत त्याने घालून दिली.

हा रोग जंतूंमुळे होतो, पापामुळे नव्हे. हॅन्सन या नॉर्वेच्या डॉक्टरांनी १८७३ सालीच ते जंतू पाहिले. अंगावर फिकट वा लालसर चट्टा असतो; तो खाजत नाही, दुखत नाही, आणि तेथे स्पर्शही कळत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळते. सहा किंवा बारा महिने नेमाने घेतले की रोग बरा होतो. पण उशीर झाला, तर जंतू मेले तरी गेलेला स्पर्श परत येईलच असे नाही.

तोवर बधिर पाय शेकू नका, अनवाणी फिरू नका, रोज रात्री तळवे उजेडात पाहा. आणि गुरुजनहो, चट्टा दिसलेल्या मुलाला वर्गाबाहेर बसवू नका. त्याच्या आईवडिलांसोबत आरोग्य केंद्रापर्यंत चार पावले चाला.