पडदा न पाडता

प्रवेश बदलायचा म्हणजे आपल्याकडे पडदा पडतो, नाहीतर अंधार होतो. १९६२ साली ‘तो मी नव्हेच’ आलं, तेव्हा फिरत्या रंगमंचाचं केवढं अप्रूप वाटलं होतं! युरोपात मात्र सतराव्या-अठराव्या शतकांत प्रवेश उघड्या रंगमंचावर, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बदलायचा. माझ्या मते लोक निम्मे त्यासाठीच येत असावेत.

ही युक्ती व्हेनिसमध्ये १६४० च्या सुमारास जाकोमो तोरेल्ली यानं पूर्णत्वाला नेली. ती जशीच्या तशी पाहायची, तर स्टॉकहोमजवळच्या ड्रॉटनिंगहोम राजवाड्यातल्या १७६६ सालच्या नाट्यगृहात जावं. तिथली यंत्रं दोनातो स्तोपानी या इटालियन कारागिराची.

रंगमंचाच्या फळ्यांना लांब फटी आहेत. त्यांतून खांब वर येतात आणि रंगवलेल्या विंगा त्या खांबांवर उभ्या राहतात. खांबांखाली तळघरात चाकांचे गाडे. प्रत्येक जागी गाड्यांची जोडी, एक बाहेर सरकला की दुसरा आत. सगळ्यांचे दोर मधल्या एका जाड उभ्या खांबाला गुंडाळलेले. त्याचे आडवे दांडे माणसं ढकलत गोल फिरतात, उसाच्या चरकाला बैल फिरतात तसे. की वर अरण्याचा महाल होतो! काही सेकंदांत, सगळ्या विंगा एका दमात.

समुद्र म्हणजे एकामागे एक आडवे ठेवलेले, पीळ दिलेले लाकडी दंडगोल. हँडल फिरवलं की लाटा पुढे सरकतात. गडगडाटासाठी छताशी लाकडी पेटी आणि तिच्यात धोंडे. दोर ओढून ती कलवली की धोंडे घरंगळतात, ढग गरजतात. वाऱ्यासाठी लाकडी पिंपावर ताणलेलं कापड.

१७९२ मध्ये नाटकवेडा राजा गुस्ताव तिसरा मुखवट्यांच्या नाचात गोळी लागून गेला आणि नाट्यगृहाची रया गेली. पुढं तिथं अडगळ साठली. कुणी नवं काही बसवायच्या फंदात पडलं नाही, हे आपलं नशीबच. १९२१ मध्ये आग्ने बेयेर हा ग्रंथपाल एक हरवलेलं चित्र शोधत आत शिरला, तर धुळीखाली विंगा, गाडे, सगळं जागच्या जागी! कुजके दोर बदलले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा प्रयोग झाला.

उन्हाळ्यात आजही तिथं ऑपेरा होतात, दांडे माणसंच ढकलतात. मेणबत्त्यांच्या जागी तेवढे विजेचे दिवे आले आहेत. लाकडी नाट्यगृहात ते बरंच.