खात्यातला पैसा आणि बँकेचा हात
(रेडिओवरील भाषण)



तालुक्याच्या गावी, बँकेच्या काउंटरवर, थकबाकीदार शेतकऱ्याला एक वाक्य नेहमी ऐकावे लागते : ‘तुमच्या खात्याला होल्ड लागलाय.’ पासबुक छापून घेतले तर शिल्लक दिसते. अतिवृष्टीची मदत जमा झालेली असते, पीक विम्याची रक्कम आलेली असते, पीएम किसानचे दोन हजार आलेले असतात. पैसे काढायची स्लिप भरून दिली की मात्र ती परत येते. पीककर्ज थकले आहे, आधी ते भरा, मग खाते मोकळे होईल, असे सांगितले जाते.

दुसरा प्रकार याहून कठीण. 2024 च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेच्या पहिल्या दोन महिन्यांचे तीन हजार रुपये बायकांच्या खात्यांत आले. त्या दिवसांत एका भगिनीचे पासबुक मी पाहिले. एका ओळीत तीन हजार जमा. त्याखालच्या ओळीत, त्याच तारखेला, तीन हजार नावे. शिल्लक पुन्हा होती तेवढीच, दीडशेच्या आत. बचत गटातून घेतलेल्या कर्जाचे हप्ते राहिले होते, त्यात ही रक्कम वळती झाली होती. तिला कोणी विचारले नव्हते, आणि नंतरही कोणी सांगितले नव्हते. मशीनमधून छापून आलेल्या दोन ओळींवरून तिला ते कळले. तक्रारी इतक्या झाल्या, की योजनेचे पैसे कर्जापोटी कापू नयेत, असे सरकारला बँकांना बजावावे लागले.

बँकेला असे करता येते का? लोक मला हा प्रश्न रागाने विचारतात. उत्तर आहे : काही अटींवर, हो.

आपण खात्यात पैसे ठेवतो तेव्हा ते आपलेच आहेत आणि बँक नुसती सांभाळते, असे आपल्याला वाटते. कायदा तसे मानत नाही. 1848 साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फोली विरुद्ध हिल या खटल्यात ठरवले, की ठेव म्हणजे ग्राहकाने बँकेला दिलेले कर्ज. आपल्याकडेही हेच तत्त्व चालते. म्हणजे बचत खात्यापुरती बँक तुमची ऋणको, आणि कर्जखात्यापुरते तुम्ही बँकेचे ऋणको. दोघेही एकमेकांचे देणे लागत असतील तर वजावट करून हिशेब मिटवता येतो. शिवाय 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 171 ने बँकेला तिच्या हाती आलेल्या ग्राहकाच्या ऐवजावर धारणाधिकार दिला आहे. कर्ज घेताना आपण ज्या कागदांवर फुल्या दाखवतील तिथे सह्या करतो, त्यांतही या वजावटीला संमती देणारे कलम बहुधा असते.

हा अधिकार मुळात अन्यायाचा आहे असे मी म्हणणार नाही. ज्याची पाच लाखांची मुदत ठेव बँकेत आहे आणि जो त्याच शाखेतल्या कर्जाचे हप्ते बुडवतो, त्याच्या ठेवीतून बँकेने येणे वसूल केले तर त्यात गैर काय? बँकेत दुसऱ्या कोणाचे तरी पैसे असतात. नागपूर, वर्धा, बुलढाणा या जिल्हा बँका अडचणीत आल्या तेव्हा आपल्याच ठेवी काढायला लोकांना किती खेटे घालावे लागले, ते विदर्भातले श्रोते विसरलेले नाहीत. वसुली झालीच पाहिजे.

पण हा अधिकार किती जबर आहे ते बघा. कृषी केंद्रवाल्याची उधारी थकली, घरमालकाचे भाडे थकले, सावकाराचे देणे थकले, तर त्या प्रत्येकाला कोर्टाची पायरी चढावी लागते. दावा, पुरावा, हुकूमनामा, मग जप्ती. प्रत्येक टप्प्यावर देणेकऱ्याला बोलायची संधी मिळते. बँकेला यातले काहीही लागत नाही, कारण ज्याचे देणे आहे त्याची तिजोरी तिच्याच हाती आहे. दावा करणारी तीच, निकाल देणारी तीच आणि जप्ती आणणारीही तीच. एवढी ताकद ज्याच्या हाती असते त्याने ती वापरण्याआधी समोरच्याला कळवले पाहिजे, एवढे तरी आपण मागू शकतो की नाही?

कायद्यानेही या अधिकाराला कुंपण घातले आहे, आणि ते शाखेत फारसे कोणी सांगत नाही. कर्ज आणि ठेव एकाच व्यक्तीची, एकाच नात्याने असली पाहिजे. नवऱ्याचे एकट्याचे कर्ज असेल, तर नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यातून ते वळते करता येत नाही. अज्ञान मुलाच्या नावे बापाने उघडलेले खाते बापाच्या कर्जाला लावता येत नाही. देणे आज रोजी देय झालेले असले पाहिजे. दोन हप्ते थकले आहेत आणि बँकेने सगळे कर्ज एकदम परत मागितलेले नाही, तर दोन हप्त्यांपुरताच तिचा हात पोचतो. जामीनदाराची गोष्ट जरा वेगळी. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे करार कायद्याचे कलम 128 सांगते. तरी त्याच्याकडे मागणी न करता त्याच्या बचत खात्याला परस्पर होल्ड लावणे योग्य नाही. भावकीतल्या कोणासाठी सही केली, आणि आपले खाते अडकल्यावरच कर्ज थकल्याचे कळले, अशी माणसे गावोगाव भेटतील.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे. काही पैसे असे आहेत, की ते न्यायालयालासुद्धा जप्त करता येत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये त्यांची यादी आहे : सरकारी निवृत्तिवेतन, मजुराची मजुरी, आणखीही काही. निवृत्तिवेतनाला 1871 च्या पेन्शन कायद्याचे आणि भविष्यनिर्वाह निधीलाही कायद्याचे संरक्षण आहे. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्याच प्रकरणात सांगितले, की निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम मुदत ठेवीत ठेवली म्हणून तिचे हे संरक्षण जात नाही. यामागचा विचार स्पष्ट आहे. कर्ज कितीही खरे असले तरी माणसाच्या चुलीपर्यंत वसुली जाऊ द्यायची नाही. मग जी रक्कम कोर्टाचा बेलिफ उचलू शकत नाही, ती बँकेच्या संगणकाने एका रात्रीत उचलावी, हे मला कदापि मान्य नाही.

अतिवृष्टीच्या मदतीचेही तेच. पीक गेले म्हणून सरकार मदत देते. ती पुढच्या बियाण्यासाठी, घरातल्या धान्यासाठी असते. मदतवाटपाच्या शासन निर्णयांत या रकमेतून कोणत्याही बँकेने वसुली करू नये, असे लिहिलेले असते. तरीही दरवर्षी खाती अडकतात आणि कित्येक जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांना बैठका घेऊन होल्ड काढायला लावावे लागते. असे का होते? होल्ड लागतो तो खात्याला, रकमेला नव्हे. खाते एकदा थकबाकीत गेले की त्यात येणारा प्रत्येक रुपया अडतो, मग तो मदतीचा असो की लेकीने पाठवलेला. मदतीचा पैसा वेगळा ओळखून मोकळा करायला शाखेतल्या माणसाला हात चालवावा लागतो. त्याच्यावर दबाव असतो तो वसुलीच्या आकड्याचा. खाते मोकळे केले नाही म्हणून त्याला जाब विचारणारे वरून कोणी नसते.

शेतकऱ्यांना आणि योजनांचे पैसे मिळणाऱ्या बहिणींना माझे सांगणे आहे. बहुतेक योजनांचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. हे खाते कर्ज असलेल्या बँकेतच हवे, असा नियम नाही. दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टाच्या पेमेंट बँकेत खाते उघडा आणि आधारची जोडणी तिकडे करून घ्या. एका बँकेचा वजावटीचा हात दुसऱ्या बँकेतल्या खात्यापर्यंत पोचत नाही. तिथे तिला इतरांसारखेच कोर्टात जावे लागते. यात लबाडी काही नाही. कर्ज तुमच्या डोक्यावर आहेच, ते फेडायचेच आहे. फक्त मदतीचा पैसा मदतीलाच लागेल.

आणि खाते अडकलेच, तर काउंटरवर वाद घालू नका. साध्या कागदावर लिहा : कोणत्या तारखेला, किती रक्कम, कोणत्या योजनेची, आणि ती कोणत्या कर्जापोटी, कोणत्या अधिकाराने अडवली किंवा वळती केली, याचे लेखी उत्तर द्या. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. 2021 पासून सगळ्या देशासाठी ही एकच योजना आहे, तिला शुल्क लागत नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन नंबर 14448. मदतीच्या रकमेबद्दल तक्रार असेल तर तहसीलदारांनाही एक प्रत द्या, कारण शासन निर्णयाची अंमलबजावणी त्यांच्याकडे आहे.

शाखाधिकाऱ्यांनाही मला हात जोडून विनंती करायची आहे. तुमच्यातले पुष्कळजण शेतकऱ्यांचीच मुले आहेत. वसुली करा, नोटिसा द्या, तडजोडीला बोलवा, कुवत असून बुडवणाऱ्याला सोडू नका. पण तुमच्या शाखेत आज जी खाती होल्डवर आहेत, त्यांची यादी काढा. त्यात मदतीचा, मजुरीचा, निवृत्तिवेतनाचा पैसा अडकला असेल तर तो या आठवड्यात मोकळा करा, आणि यापुढे कोणाचाही पैसा वळता करण्याआधी त्याला मराठीत, लेखी कळवा.