एक काच, दोन निकाल



आम्ही डॉक्टर नव्हे. कामगारांच्या तक्रारी लिहिता लिहिता जे वाचावे लागले, तेवढीच आमची विद्या. तरी हा विषय मुद्दाम घेतला. कारण स्तनातील गाठीचे दोन ठिकाणचे दोन निराळे कागद घेऊन, ‘यातला खरा कोणता?’ असे विचारणारी माणसे युनियनच्या कचेरीतही येतात.

गाठीत जाड सुई घालून दोऱ्याएवढे मांस काढतात, मेणात बसवतात, केसाहून पातळ काप रंगवून काचेवर घेतात. ती काच पाहून पॅथॉलॉजिस्ट निकाल देतो. विलायतेत याचे पाच वर्ग आहेत, बी-१ ते बी-५. (रेल्वेच्या मंडळींनी दचकू नये, आपला मेडिकलचा बी-वन निराळा!) बी-२ निरुपद्रवी, बी-४ दाट संशयाचा, बी-५ कर्करोग. बी-३ म्हणजे भरवसा देता येत नाही असा.

टोकांना फारसे भांडण नाही. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ११५ पॅथॉलॉजिस्टांना प्रत्येकी ६० काचा दिल्या होत्या. पसरणाऱ्या कर्करोगाच्या काचांवर तीन तज्ज्ञांच्या निर्णयाशी शंभरांत ९६ निकाल जुळले. पेशी बिघडू लागल्या आहेत, पण कर्करोग म्हणता येत नाही, अशा काचांवर जुळले फक्त ४८!

हे अज्ञान म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. काही बिघाड असे, की दोन मिलिमीटरच्या आत असला तर त्याला एक नाव आणि पलीकडे गेला तर कर्करोगाची पहिली पायरी. पेशी दिसायला त्याच. सुईत आलेला तो दोऱ्याएवढा तुकडा. त्याच्या कडेपलीकडे काय आहे, ते कोणास दिसावे? चाकाला गेज लावून सांगता येते, तसे येथे नाही. आणि एका नावाने तेवढा भाग काढून पुढे नजर ठेवली जाते, दुसऱ्याने कर्करोगाचे उपचार सुरू होतात.

नुसत्या ‘इतके जुळले’ या आकड्यालाही भुलू नये. शंभरांत नव्वद काचा निरुपद्रवी असतील, तर डोळे मिटून सर्वांवर ‘निरुपद्रवी’ लिहिणारा नव्वद वेळा बरोबर ठरेल! म्हणून योगायोगाने जुळणारा भाग वजा करण्याचे ‘कॅपा’ नावाचे माप १९६० साली जेकब कोहेन यांनी मांडले.

निकाल मधल्या वर्गातला असेल, तर काच आणि मेणाचा ठोकळा मागून घ्यावा. चार्जशीटची नक्कल मागतोच ना आपण? मग येथे संकोच कसला? परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. तेथे बाहेरच्या काचा पुन्हा वाचतात. भुसावळहून रात्रीची गाडी आहे. नुसता कागद नेऊ नका. ठोकळ्यातून नवा काप घेता येतो, कागदातून नाही.