बाळाची मूठ उघडून पाहा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आधी एक विनंती. दोन्ही अंगठे तळहातात मिटून घ्या आणि पदराला गाठ मारून पाहा. जमत नाही ना? काही बाळे असा हात घेऊनच जन्माला येतात.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरले. इथली किती तरी घरे हातांच्या कसबावर चालतात. त्यामुळे बाळाच्या हातात व्यंग दिसले की आईच्या पोटात गोळा उठतो. वर ‘ग्रहणात विळी धरलीस, म्हणून बोटे जुळली’, असे तिलाच ऐकविले जाते. मग ती तो हात दुपट्याखाली झाकते आणि उपचाराचा काळ निघून जातो.

भगिनींनो, गर्भाचा हात प्रथम वल्ह्यासारखा सपाट असतो. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास बोटे सुटी होतात. ते सुटणे अपुरे राहिले, तर बोटे जुळलेली राहतात. ह्यात ग्रहणाचा संबंध नाही, आणि आईचा दोष मुळीच नाही.

उपचार दोन प्रकारचे. अंगठा आत वळला असेल किंवा बोट वाकलेले असेल, तर प्रथम स्प्लिंट. गरम पाण्यात मऊ होणारे प्लॅस्टिक हाताच्या मापाने वळवून ती करतात. मूल वाढते तशी ती बदलावी लागते. बांधल्यावर बोटांचा रंग पाहावा. काढल्यावर अर्ध्या तासातही लाली गेली नाही, तर लगेच दाखवावे.

जुळलेल्या बोटांना मात्र शस्त्रक्रियाच हवी. अंगठा व तर्जनी जुळली असतील तर ती बहुधा पहिल्या वर्षातच करतात, कारण आखूड बोट लांब बोटाला वाकविते. मधल्या बोटांना दीड वर्षापर्यंत थांबता येते. मनगटातून वळलेल्या हाताला आधी ताण द्यावा लागतो. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा व दांड्यांची जी रचना केली, तिने असा हात हळूहळू ताणून मग शस्त्रक्रिया करता येते. अशा मुलाचे हृदय व रक्तही तपासून घ्यावे. जादा बोट दोरा बांधून पाडू नये.

मी स्प्लिंट करण्याचे काम करते. एकदा वाकड्या बोटाचा एक मुलगा माझ्याकडे आला. आई पाळीवर कामाला. म्हणून बोल लावणाऱ्या सासूबाईच स्प्लिंट बांधायला शिकल्या. महिनोन्‌महिने एक रात्र चुकविली नाही. बोट पूर्ण सरळ झाले नाही. पण पेन्सिल नीट धरता येते.

२०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत पथक आले की हात जरूर दाखवा.

बारशाला कुंची न्या, झबले न्या. पण बाळाची मूठही उघडून पाहा. काही वेगळे दिसले, तर कुजबुजू नका. त्या आईबरोबर दवाखान्यात जा. मंडळाकडून माझे एवढेच मागणे आहे.