नव्या घराचा इंधन-हिशेब



'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील सांगून गेले. आज त्यात 'आणि हिशेब पाहावा मांडून' अशी भर घालावी लागेल. चाकण-तळेगाव रस्त्यालगतच्या महाळुंगे परिसरात कारखान्यांच्या सोबतीने नवी घरे उभी राहिली. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली कुटुंबे तेथे संसार थाटत आहेत. कर्जाच्या हप्त्याचा हिशेब ती पै-पैशाने करतात. पण वीज आणि गॅस किती लागेल, हा प्रश्न पहिले देयक हाती पडेपर्यंत कोणी विचारीत नाही. वास्तविक हा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल इतका सोपा आहे.

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट खर्च होते. चौघांचे कुटुंब घेऊ. ७५ वॅटचे तीन पंखे रोज दहा तास चालले, तर महिन्याला साधारण ६७ युनिट होतात. एलईडी दिव्यांचे ८, दूरदर्शन संचाचे १०, शीतकपाटाचे २०, धुलाई यंत्र, मिक्सर व इस्त्रीचे मिळून १० धरावेत. शीतकपाटाचा वार्षिक वापर त्याच्या तारांकित पट्टीवर छापलेला असतो. त्यास बाराने भागावे.

आता अंघोळीचे पाणी. माणशी वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायचे, तर चौघांसाठी रोज जवळपास दोन युनिट, म्हणजे महिन्याला ६० युनिट लागतात. एकूण बेरीज १७५ च्या घरात जाते. कमी विजेवर चालणारे ३० वॅटचे पंखे बसविले, तर ६७ चे २७ होतात. छतावर सौर बंब आला, तर उन्हाच्या दिवसांत ६० चा आकडा जवळजवळ नाहीसा होतो. बेरीज ७५ वर येते. महावितरणच्या दररचनेत पहिला टप्पा १०० युनिटांचा आहे. त्यापुढील युनिटांनाच चढा दर लागतो, सगळ्यांना नव्हे. तरीही हा उंबरठा ओलांडू न देणे हिताचेच.

गॅसचे गणित याहून सोपे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. जोडल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. तो ४५ दिवस पुरला, तर रोजचा खर्च सुमारे ३१५ ग्रॅम. चाकण परिसर २००६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडच्या क्षेत्रात येतो. संकुलात वाहिनी पोहोचली आहे का, हे ताबा घेण्यापूर्वीच विचारावे. एका सिलिंडरची उष्णता वाहिनीच्या सुमारे १७ ते १८ घनमीटर गॅसइतकी असते. तुलना या मापाने करावी.

परंतु हा हिशेब केवळ पैशाचा नाही. बंब, इंडक्शन शेगडी, वातानुकूलन यंत्र आणि इस्त्री एकाच वेळी चालू झाली, तर भार साडेसहा हजार वॅटपर्यंत, म्हणजे २८ अँपिअरवर जातो. मंजूर भार आणि भिंतीतील तारा तेवढ्या क्षमतेच्या नसतील, तर तारा तापतात. आग तेथूनच लागते. भिंतींना गिलावा होण्यापूर्वीच बांधकाम व्यावसायिकास उपकरणांची यादी द्यावी. तसेच गॅसचा बंब बंद न्हाणीघरात कदापि बसवू नये. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यास ना रंग ना वास. धोका उमगण्याआधीच माणूस बेशुद्ध पडतो. दोन पैसे वाचविताना घरातले माणूस गमावणे, याला काटकसर म्हणत नाहीत.

देशात वापरल्या जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस परदेशातून येतो. उलट ऊन आपल्याच अंगणात पडते. एक किलोवॅटचा सौर संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यात आले.

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. ती जाणीव आहे. नव्या घरात देव्हारा मांडला जातो, त्याच दिवशी एक वही ठेवावी आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस मीटरचा आकडा त्यात मुलांच्या हातून लिहवून घ्यावा. वर्षभरात ती वही घराला शिस्त लावील, आणि मुलांना जे शिकवील ते कोणत्याही शिकवणीत मिळणार नाही.