बाबांच्या भजनाची सीडी
(सावरगाव येथील गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पोरांनी मला विषय दिला, ‘घरी गाणं ऐकायला सीडी प्लेअर बरा की हार्ड डिस्क?’ आपल्याकडे गोटमार होऊन आठवडाही झाला नाही. जामच्या त्या काठावर पांढुर्णा, या काठावर आपण, मध्ये पळसाचं झाड. या विषयातही दोन्ही काठांवरचे लोक असेच हटून बसतात. मी दोन्हीकडचे दगड खाल्लेत, म्हणून बोलायला उभा राहिलो.

आमचे बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, गायचेही. त्यांची एकच कॅसेट होती. २००४ साली ती नागपूरला नेऊन मी सीडीवर उतरवून आणली आणि चार प्रती नातलगांत वाटल्या. पुढे घरात संगणक आला. घरातल्या सगळ्या सीड्या हार्ड डिस्कवर भरल्या आणि ऐटीत कपाट रिकामं केलं. बायको म्हणाली, “अहो, बाबांची तरी राहू द्या.” मी म्हटलं, “कशाला? सगळं आत आहे.” त्या सीड्या आम्ही पोपट उडवायला संत्र्याच्या बागेत दोऱ्यांनी टांगल्या. हसू नका, तुमच्यातही पुष्कळांनी टांगल्या आहेत.

एका रात्री चारदा लाइट गेली-आली. सकाळी हार्ड डिस्क नुसती टकटक करत होती. बाबा गेले होते, आता आवाजही गेला.

आता मुद्द्याचं. सीडीवर आवाज आकड्यांत लिहिलेला असतो. एका सेकंदात डाव्या-उजव्या बाजूची प्रत्येकी ४४,१०० मापं, प्रत्येक माप १६ बिटांचं. पहिला प्लेअर १९८२ साली जपानात विक्रीला आला, तेव्हापासून हे माप तेच आहे. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मावत. सीडीवर ७४ मिनिटं आली, म्हणजे विलंबित ख्याल मध्येच उठून उलटवायची कटकट संपली.

हेच आकडे जसेच्या तसे हार्ड डिस्कवर नेले तर आवाजात फरक पडायचं कारण नाही. फरक पडतो तो आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या सर्किटमुळे, ॲम्प्लिफायरमुळे आणि सगळ्यात जास्त स्पीकरमुळे. पण मी ते जसेच्या तसे नेलेच नव्हते. जागा वाचवायला एमपी३ केलं, १२८ किलोबिटचं. सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट असतात, म्हणजे जवळजवळ अकरावा हिस्सा ठेवला आणि बाकी फेकलं. पेटी बरी वाटायची, टाळ मात्र पत्र्यासारखे. तेव्हा मी दोष हार्ड डिस्कला दिला. चूक माझी होती. फ्लॅक नावाच्या प्रकारात काहीच फेकलं जात नाही, तरी जागा साधारण निम्मी लागते. एक टेराबाइटच्या डिस्कवर अशा दोन-तीन हजार सीड्या आरामात मावतात.

तर, बाबांची एक सीडी सौंसरला आत्याच्या कपाटात निघाली. आत्या म्हणाली, “घेऊन जा बाबू, पण परत आणजो.” घरी येऊन प्लेअरमध्ये घातली. तीन भजनं नीट वाजली, चौथ्याला खरखर आणि मग गप्प.

इथे दोन्हींतला खरा फरक मला कळला. साधा सीडी प्लेअर वाजवता वाजवता वाचतो. त्याला थांबायला वेळ नसतो. ओरखडा रेघेच्या दिशेने अडीच मिलिमीटरपर्यंत असेल तर हरवलेले आकडे तो हिशेबाने परत काढतो, त्यापुढे अंदाजाने भरतो, तेही जमलं नाही तर गप्प बसतो. संगणकाला घाई नसते. तो तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहतो. त्या एका भजनाला माझ्या संगणकाने पाऊण तास घेतला. दोन ठिकाणी काहीच हाती आलं नाही. बाकी सगळं आलं. बाबा मध्येच खाकरतात तेसुद्धा.

आता फ्लॅकच्या तीन प्रती आहेत: एक घरच्या डिस्कवर, एक वेगळ्या डिस्कवर कपाटात, एक मुलीकडे पुण्याला. कपाटातली डिस्क सहा महिन्यांनी लावून बघतो. ऐकायला मात्र बाकीच्या गाण्यांच्या उरलेल्या सीड्या प्लेअरवरच लावतो. पंख्याची घरघर नाही, पडद्याकडे बघणं नाही, आणि एकदा लावली की माणूस शेवटपर्यंत बसतो. ही माझी खोड समजा.

घरी जुन्या सीड्या असतील तर गोल गोल पुसू नका; मधून बाहेर, सरळ पुसा. घरी भरलेली सीडी उन्हात ठेवू नका, त्यातला रंगाचा थर उडतो. आणि छापील बाजूला जास्त जपा. तिथे चकाकणाऱ्या थरावर नुसता लाखेचा पातळ लेप असतो.

कोणाकडे आजी-आजोबांचं काही असेल तर विसर्जनानंतरच्या रविवारी आमच्या घरी घेऊन या. संगणक माझा, चहा घरचा, डिस्क तेवढी तुमची आणा. बागेत टांगलेल्या मात्र आणू नका. मी प्रयत्न करून पाहिलाय.